विश्लेषण : वरून आवाज, खालून धूर... दोन घरांमधला स्लॅब नेमके काय काय अडवतो?

नांदेड आणि लातूरमध्ये दुकानांवर क्लास, क्लासवर अभ्यासिका आणि अभ्यासिकेवर घरे अशा इमारती वाढत आहेत. एका मजल्याचे छत हीच दुसऱ्याची जमीन. मात्र या पाच इंच काँक्रीटकडून दोन्ही बाजूंच्या रहिवाशांच्या अपेक्षा वेगळ्या असतात आणि त्यांची तपासणी कोणीच करत नाही.

फ्लॅट घेताना ग्राहक वास्तू, पार्किंग, पाणी आणि दर्शनी बाजू पाहतो. वरचा आणि खालचा मजला आपल्यापासून किती वेगळा केला आहे, हा प्रश्न बहुधा विचारला जात नाही. तो पुढे येतो तेव्हा दोन प्रकारे येतो. वरच्या घरात रात्री खुर्ची सरकली, घरगंटी सुरू झाली की खाली झोप मोडते. हा त्रास रोजचा. दुसरा प्रकार क्वचित घडतो, पण तो जिवावर बेततो. खालच्या मजल्यावर आग लागते आणि धूर वर चढतो.

छावणीतील घटनेने काय दाखवले?

छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात ३ एप्रिल २०२४ रोजी पहाटे एका इमारतीच्या तळमजल्यावरील कपड्यांच्या दुकानाला आग लागली. वरच्या मजल्यावर झोपलेल्या एकाच कुटुंबातील सात जणांचा मृत्यू झाला. त्यांत दोन लहान मुले होती. आग त्यांच्या मजल्यापर्यंत पोहोचलीच नव्हती, धुराने गुदमरून मृत्यू झाले असावेत, असे पोलिसांनी प्राथमिक माहितीच्या आधारे सांगितले होते.

मुंबईत गोरेगाव पश्चिमेच्या जय भवानी इमारतीत ६ ऑक्टोबर २०२३ रोजी पहाटे अशीच घटना घडली. आग तळमजल्याच्या पार्किंगमध्ये लागली. तिथे वाहनांबरोबर कपड्यांच्या चिंध्या साठवलेल्या होत्या. किमान सात जणांचा बळी गेला. बरोबर एका वर्षाने, ६ ऑक्टोबर २०२४ रोजी, चेंबूरच्या सिद्धार्थ कॉलनीत तळमजल्यावरील दुकानाला आग लागून वर राहणारे सात जणांचे कुटुंब गेले.

तिन्ही घटनांत आग खाली लागली, वेळ पहाटेची होती आणि माणसे वर झोपेत होती. यांतील एकही इमारत टोलेजंग नव्हती. नांदेड-लातूरच्या कोणत्याही मध्यवर्ती रस्त्यावर दिसतात तशाच या इमारती होत्या.

मराठवाड्यात हा प्रश्न आता महत्त्वाचा का?

मराठवाड्यातील जुन्या घरांना माळवद असे. सागवानी तुळया, त्यावर फळ्या आणि वर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात घर थंड राही आणि बाहेरचा आवाज आत फारसा येत नसे. मात्र ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या भिंती कोसळल्या आणि जड माळवदे झोपलेल्या माणसांवर आली. आठ हजारांच्या आसपास माणसे दगावली. त्यानंतर लातूर-धाराशिव पट्ट्यात आरसीसी म्हणजे सुरक्षित घर हे समीकरण पक्के झाले. भूकंपाच्या दृष्टीने ते योग्यही आहे, पण सुरक्षिततेची चर्चा तिथेच थांबली. ‘स्लॅब आहे ना, मग काळजी नाही’ ही समजूत आग आणि आवाजाच्या बाबतीत अर्धीच खरी आहे.

दुसरे कारण शिक्षणाचे. ‘लातूर पॅटर्न’मुळे लातूर आणि त्यापाठोपाठ नांदेड ही नीट, जेईईच्या तयारीची केंद्रे बनली. २०११ च्या जनगणनेत नांदेडची लोकसंख्या साडेपाच लाख, तर लातूरची तीन लाख ८० हजारांच्या पुढे होती. त्यात दरवर्षी बाहेरगावच्या विद्यार्थ्यांची भर पडते. लातूरला उद्योग भवनाचा परिसर आणि नांदेडला भाग्यनगर, श्यामनगर या भागांत राहण्यासाठी बांधलेल्या खोल्यांची वसतिगृहे झाली, हॉलचे वर्ग झाले, गच्चीखालच्या मजल्यावर अभ्यासिका आल्या. नकाशा एका वापराचा आणि प्रत्यक्ष वापर दुसराच, असे झाले की मजल्यावरची माणसे, वायरिंगवरचा भार आणि जळाऊ सामान हे तिन्ही वाढतात. जिना मात्र तेवढाच राहतो.

स्लॅब आग किती वेळ रोखतो?

याचे उत्तर भारतीय मानकात आहे. काँक्रीट बांधकामासाठीच्या ‘आयएस ४५६ : २०००’ नुसार ९५ मिलिमीटर जाडीचा स्लॅब एक तास, ११० मिलिमीटरचा दीड तास, १२५ मिलिमीटरचा दोन तास आणि १५० मिलिमीटरचा तीन तास आगीला तोंड देऊ शकतो. आपल्याकडे सर्रास टाकला जाणारा पाच इंची स्लॅब म्हणजे साधारण १२५ मिलिमीटर. कागदावर हे संरक्षण चांगले आहे.

त्याला एक अट आहे. सळईखाली काँक्रीटचे पुरेसे आवरण, म्हणजे ‘कव्हर’, हवे. दोन तासांसाठी सलग स्लॅबला २५ मिलिमीटर आणि दोन टेकूंवरच्या सुट्या स्लॅबला ३५ मिलिमीटर कव्हर लागते. कारण स्टील साडेपाचशे-सहाशे अंश सेल्सिअसला आपली जवळपास निम्मी ताकद गमावते. आगीच्या प्रमाणित चाचणीत भट्टीचे तापमान अर्ध्या तासातच ८४० अंशांवर जाते आणि तासाभरात ९४५ अंशांपर्यंत पोहोचते. सळई आणि आग यांच्यामध्ये असते ती काँक्रीटची तेवढी पट्टीच.

बांधकामाच्या जागी कव्हर ब्लॉकऐवजी खडीचे तुकडे लावले किंवा स्लॅब टाकताना सळया पायाखाली दबल्या, तर हे आवरण दहा-बारा मिलिमीटरवर येते. पुढे वरच्या बाथरूमची गळती सुरू झाली की सळया गंजतात, छताचे पापुद्रे सुटतात आणि सळया उघड्या पडतात. गळती हा आपल्याकडे शेजाऱ्यांमधला नेहमीचा वाद. ओल आणि रंग याच्या पलीकडे तो जात नाही. प्रत्यक्षात सळई उघडी पडलेल्या जागी स्लॅबची आगीला तोंड देण्याची क्षमताही घटलेली असते.

मग धूर वर येतो कुठून?

काँक्रीटमधून धूर जात नाही. तो जातो काँक्रीटमध्ये ठेवलेल्या वाटांनी. पहिली वाट जिन्याची. अनेक इमारतींत विजेचे मीटर जिन्याखाली किंवा प्रवेशद्वाराशी असतात, शेजारी दुचाकी लावलेल्या असतात. तिथे आग लागली की बाहेर पडण्याचा एकमेव रस्ता हाच धुराचा मार्ग होतो. दिल्लीच्या मुखर्जीनगरमध्ये १५ जून २०२३ रोजी क्लासच्या इमारतीत मीटरजवळ आग लागली, तेव्हा विद्यार्थ्यांना खिडक्यांतून तारांना धरून उतरावे लागले. सुरतच्या तक्षशिला संकुलात २४ मे २०१९ रोजी २२ विद्यार्थ्यांचा मृत्यू झाला. तिथेही खाली उतरण्याचा मार्ग आगीने बंद केला होता आणि अनेकांनी वरून उड्या मारल्या.

दुसरी वाट डक्टची. वायरी, पाणी आणि सांडपाण्याच्या पाइपांसाठी स्लॅबमध्ये तळापासून गच्चीपर्यंत पोकळी सोडलेली असते. तळाला आग लागली की ती चुलीच्या धुराड्यासारखी काम करते. राष्ट्रीय बांधकाम संहिता २०१६ नुसार विजेच्या वायरींचा डक्ट स्वतंत्र हवा आणि प्रत्येक मजल्याच्या पातळीवर आगरोधक साहित्याने तो बंद करायला हवा. मजला जितका वेळ टिकतो, तितका वेळ ही बुजवणीही टिकली पाहिजे. प्रत्यक्षात अनेकदा डक्टचे प्लायवूडचे दार उघडले की खालपर्यंत मोकळे दिसते.

तिसरी वाट सहज लक्षात येत नाही. स्लॅबमधून गेलेला पीव्हीसी पाइप आगीत वितळतो आणि चार इंचांचे भोक मोकळे होते. यासाठी पाइपभोवती ‘फायर कॉलर’ बसवतात. उष्णता लागली की त्यातील पदार्थ फुगून भोक बंद करतो. शिवाय नंतर एसीसाठी, इंटरनेटच्या केबलसाठी वा पाण्याच्या जोडणीसाठी पाडलेली भोके असतातच. प्लंबर भोक पाडतो, बुजवत कोणी नाही.

आवाजाचे गणित वेगळे का?

मजल्यातून येणारा आवाज दोन प्रकारचा असतो. बोलणे, टीव्ही, रडणे हा हवेतून येणारा आवाज. तो अडवायला वजन लागते. पाच इंची स्लॅबचे वजन दर चौरस मीटरला तीनशे किलोच्या वर असते, त्यामुळे हे काम तो बऱ्यापैकी करतो. वरच्या घरातील बोलणे ऐकू येत असेल, तर ते बहुधा डक्ट, खिडकी किंवा जिन्यातून येत असते. म्हणजे धुराची वाट आणि बोलण्याची वाट अनेकदा एकच असते. डक्ट नीट बुजवला की दोन्ही कमी होतात.

पावलांचा, खुर्चीचा, खलबत्त्याचा आवाज मात्र हवेतून येत नाही. धक्का थेट फरशीला बसतो, फरशीखालच्या सिमेंटमधून स्लॅबला मिळतो आणि अख्खा स्लॅब ढोलाच्या कातड्यासारखा थरथरतो. इथे काँक्रीटचा कडकपणाच अडचण ठरतो. स्लॅबचे वजन दुप्पट केले तरी हवेतून येणारा आवाज जेमतेम पाच-सहा डेसिबलने घटतो आणि पावलांचा आवाज तर स्पष्ट ऐकू येतच राहतो. कडक व्हिट्रिफाइड टाइल्सनी त्यात भर घातली.

उपाय आहे तो फरशीखाली. स्लॅब आणि फरशीचा कोबा यांच्यामध्ये रबरासारखा लवचीक थर घालायचा आणि तो भिंतीच्या कडेनेही वर घ्यायचा, म्हणजे फरशी कुठेही स्लॅबला वा भिंतीला थेट टेकत नाही. हे काम फरशी बसण्याआधीच होऊ शकते. नंतर करायचे तर वरच्या घरमालकाला आपली फरशी उखडावी लागते. त्रास खालच्याला आणि उपाय वरच्याच्या हातात, त्यामुळे वाद सुटत नाही.

जगात नियम काय आहेत?

दक्षिण कोरियात बहुसंख्य लोक अपार्टमेंटमध्ये राहतात आणि वरच्या मजल्याचा आवाज हा तिथे सार्वजनिक प्रश्न आहे. तिथे भिंतींवर उभ्या राहणाऱ्या अपार्टमेंट इमारतींना किमान २१० मिलिमीटर स्लॅबचे बंधन आहे. ऑगस्ट २०२२ पासून इमारत पूर्ण झाल्यावर प्रत्यक्ष मजल्यावर धक्क्याच्या आवाजाची चाचणी होते आणि मर्यादा ४९ डेसिबल आहे. इंग्लंडमध्ये नव्या इमारतीतील मजल्याने हवेतील आवाज किमान ४५ डेसिबलने अडवावा आणि धक्क्याचा आवाज खाली ६२ डेसिबलपेक्षा जास्त पोहोचू नये, असा नियम आहे.

भारतात राष्ट्रीय बांधकाम संहितेच्या आठव्या भागात ध्वनिरोधाचे स्वतंत्र प्रकरण आहे. मात्र भोगवटा प्रमाणपत्र देताना मजल्याची ध्वनिचाचणी घेण्याची पद्धत आपल्याकडे नाही. ध्वनिप्रदूषण नियम २००० मध्ये निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ती परिसरातील आवाजाची आहे. लाउडस्पीकरविरुद्ध ती उपयोगी पडते, वरच्या घरातील पावलांविरुद्ध नाही.

आवाज अडवण्याचा उपाय घातक कसा ठरतो?

आग आणि आवाज हे दोन प्रश्न इथे एकमेकांना भिडतात. अभ्यासिकेची विक्री शांततेवर होते. त्यासाठी मालक भिंतींना फोम चिकटवतो, प्लायवूडचे कप्पे करतो, पीव्हीसी पॅनेलचे किंवा थर्माकोलचे खोटे छत लावतो. यांतील साधा फोम आणि थर्माकोल झपाट्याने पेटतात आणि त्यांचा धूर विषारी असतो. शिवाय मऊ फोम खोलीतला घुमणारा आवाज कमी करतो. वरच्या मजल्याचा धक्का तो अडवतच नाही. म्हणजे फायदा थोडा आणि धोका मोठा.

या धोक्याची उदाहरणे जगाने पाहिली आहेत. अमेरिकेतील ऱ्होड आयलंडमध्ये २० फेब्रुवारी २००३ रोजी ‘द स्टेशन’ नाइट क्लबमध्ये आवाज रोखण्यासाठी लावलेल्या फोमने आतषबाजीची ठिणगी पकडली आणि १०० जणांचा मृत्यू झाला. ब्राझीलच्या सांता मारिया शहरात २७ जानेवारी २०१३ रोजी ‘किस’ क्लबमध्ये छताच्या फोमनेच पेट घेतला आणि २४२ जण गेले. त्यांत विद्यार्थी मोठ्या संख्येने होते.

पर्याय उपलब्ध आहेत. रॉकवूल वा ग्लासवूल आणि त्यावर जिप्सम बोर्ड ही जोडणी आवाजही कमी करते आणि सहज पेटत नाही. जिप्सममध्येच पाण्याचा अंश असल्याने तो आगीत काही काळ तग धरतो. साहित्य घेताना ‘साउंडप्रूफ आहे का’ यासोबत ‘आगीच्या चाचणीचा दाखला आहे का’ हेही विचारायला हवे.

कायद्यानुसार जबाबदारी कोणाची?

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ नुसार ही जबाबदारी इमारतीचा मालक आणि वापर करणारा या दोघांवर आहे. अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र, म्हणजे ‘फॉर्म बी’, वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, अग्निशमन विभागाला द्यावे लागते.

अडचण उंचीच्या रेषेची आहे. राष्ट्रीय संहितेत १५ मीटर किंवा त्याहून उंच इमारत ‘उंच इमारत’ ठरते. पार्किंग अधिक तीन-चार मजल्यांची इमारत या रेषेच्या आसपास किंवा खाली राहते आणि निव्वळ निवासी असेल तर तिच्यावरील बंधने तुलनेने सौम्य असतात. नंतर त्यात क्लास किंवा वसतिगृह आले, तरी इमारत जुन्याच नोंदीवर चालू राहते.

रेरा कायद्याचीही मर्यादा आहे. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातील दोष निघाला, तर विकासकाने तो ३० दिवसांत विनाशुल्क दुरुस्त करून द्यायचा असतो. उघडा डक्ट, कव्हर सुटलेला स्लॅब याबद्दल ही मागणी करता येते. मात्र ५०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील किंवा आठपर्यंत सदनिकांच्या प्रकल्पाला रेरा नोंदणीच बंधनकारक नाही. नांदेड-लातूरमध्ये लहान भूखंडांवरच्या अपार्टमेंटची कमतरता नाही.

रहिवाशांना आणि पालकांना आत्ता काय करता येईल?

डक्टचे दार उघडून पाहावे. खालचा मजला दिसत असेल, तर वायरी आणि पाइपांभोवतीची पोकळी आगरोधक सीलंटने किंवा मॉर्टरने बुजवून घ्यावी. वर्तमानपत्राचे बोळे आणि साधा फोम यांनी नको. जिन्याखालच्या मीटरजवळून दुचाकी, भंगार, चपलांचे लाकडी स्टँड हलवावेत. गच्चीचे दार आतून किल्लीविना उघडेल असे ठेवावे. खिडकीच्या ग्रिलला उघडणारा एक भाग असावा. तळमजल्यावर दुकान वा गोदाम असेल, तर मीटर आणि जिन्याजवळ धुराची सूचना देणारा अलार्म सामायिक खर्चातून बसवावा. वर झोपलेल्यांना जागे करण्याची ती सर्वात स्वस्त व्यवस्था आहे. छताच्या सळया उघड्या पडल्या असतील, तर रंग देण्याआधी अभियंत्याला दाखवावे.

जिन्यात धूर भरला असेल, तर त्यातून खाली धावू नये. दार लावून घ्यावे, फटीत ओला कपडा कोंबावा, रस्त्याकडच्या खिडकीत यावे आणि १०१ वर फोन करावा.

आवाजासाठी सुरुवात खर्चाविना होते. खुर्च्या-पलंगांच्या पायांना रबरी टोप्या, घरगंटी आणि वॉशिंग मशीनखाली रबरी पॅड, मुलांच्या खेळण्याच्या जागी सतरंजी. फरशी बदलण्याचे काम निघालेच, तर लवचीक थर घालण्याची विनंती खालच्या घराने तेव्हाच करावी. त्यासाठी संस्थेने ठराव केला तर वाद व्यक्तिगत होत नाही.

मुलाला वसतिगृहात ठेवताना पालक भाडे आणि मेसची चौकशी करतात. त्यात तीन प्रश्नांची भर पडायला हवी. खाली काय आहे? दुसरा जिना आहे का? रात्री मुख्य दाराला कुलूप असते तेव्हा किल्ली कोणाकडे असते?

महापालिकांपुढचे काम काय?

सगळ्या इमारती एकदम तपासणे दोन्ही महापालिकांच्या अग्निशमन विभागांना अवघड आहे. पण तळमजल्यावर व्यवसाय आणि वर वसतिगृह, अभ्यासिका वा घरे अशा इमारतींची वेगळी यादी करून सुरुवात होऊ शकते. व्यवसाय परवाना, करआकारणीतील वापराची नोंद आणि बांधकाम परवानगी या तीन नोंदी महापालिकेकडेच असतात. त्या ताडून पाहिल्या, तरी वापर कुठे बदलला हे कळते. नव्या इमारतींच्या बाबतीत भोगवटा प्रमाणपत्राच्या पाहणीत प्रत्येक मजल्यावरचा डक्ट उघडून पाहण्याची अट घातली, तर त्यासाठी कोणत्याही यंत्राची गरज नाही. फरशी बसण्याआधी हे काम झाले तर खर्च थोडा येतो. नंतर तोच खर्च शेजाऱ्यांच्या वादात अडकतो आणि भोक तसेच उघडे राहते.